हाताने काढलेले, यंत्राने पाहिलेले : ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची वाटचाल

मुंबईचे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट 1838 मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारले. येथील तरुणांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारे महाविद्यालय मुंबईत निघावे, हा त्यांचा ध्यास होता. ते 1845 मध्ये भायखळ्याला सुरू झाले आणि त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. शेजारच्या रुग्णालयासाठी जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये दिले होते. त्यांनीच पुढे कलाशाळेसाठी लाखाची देणगी दिली आणि 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उघडले. डॉक्टर घडवणारी संस्था आणि चित्रकार घडवणारी संस्था एकाच दात्याच्या आधाराने उभ्या राहिल्या, हे मला फार मोलाचे वाटते.

वैद्यकीय महाविद्यालयातून 1851 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. ते आणि त्यांचे डॉक्टर बंधू नारायण दाजी 1854 मध्ये निघालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीतही होते. कॅमेरा तेव्हा नवाच होता आणि तो हाती घ्यायला हे वैद्य पुढे आले.

1858 मध्ये हेन्री व्हॅनडाइक कार्टर शरीररचनाशास्त्र शिकवायला ग्रँट महाविद्यालयात आले. चित्रकाराचा मुलगा, स्वतः डॉक्टर. हेन्री ग्रे यांच्या शरीररचनेवरील जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे त्यांचीच. लाकडी ठशांवर ती उलटी काढावी लागत, म्हणजे छापल्यावर सुलटी उमटत. अवयवांची नावे कडेला न देता शक्य तिथे थेट अवयवावर लिहिलेली. त्यामुळे विद्यार्थ्याची नजर चित्रावरून हलत नसे. ग्रंथ लंडनमध्ये निघाला तेव्हा कार्टर मुंबईत होते.

पुढे सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. अनवाणी शेतात राबणाऱ्यांचा पाय पोखरणाऱ्या बुरशीच्या रोगावर त्यांनी 1874 मध्ये रंगीत चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. मग 1876-77 चा दुष्काळ पडला. इंदापूर, सोलापूरच्या पट्ट्यात पिके करपली, दख्खनची माणसे जगायला मुंबईकडे निघाली आणि त्यांच्यात उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. 1877 मध्ये कार्टर यांना सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णांच्या रक्तात, तांबड्या पेशींच्या गर्दीत वळवळणारे नागमोडी धागे दिसले. असा जंतू बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी आधी पाहिला होता. तो मुंबईच्या तापातही असल्याचे कार्टर यांनी दाखवले. 1882 च्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच 'दुष्काळी ताप' आहे. पाहिले ते सूक्ष्मदर्शकाच्या यंत्राने, पण त्यातून दिसलेले समजावून सांगायला हात चित्रकाराचा लागला.

पण ती चित्रे डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी काढलेली होती. ज्याच्या रक्तात तो धागा सापडला, त्याच्यापर्यंत ती पोचावीत अशी सोय नव्हती. या गौरवशाली वाटचालीतली ही उणीव मला सलते, कारण ती अजून भरून निघालेली नाही.

यंत्रे मात्र पुढे गेली. पॉल लाउटरबर यांनी 1973 मध्ये चुंबकीय अनुनादातून प्रतिमा घडवून दाखवली. आजचा एमआरआय त्यातूनच आला. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. जोरदार चुंबकात त्याच्या अणुगर्भांना रेडिओलहरींनी डिवचले की ते परत संदेश देतात, आणि संगणक त्यातून चित्र रचतो. एका पद्धतीने घेतलेल्या चित्रात गुडघ्यातले पाणी काळे दिसते, दुसऱ्या पद्धतीने तेच पांढरेशुभ्र. म्हणजे हा फोटो नव्हे; काय उजळ दिसावे, हे तपासणारा ठरवतो. हे कोणी सांगितले नाही, तर पांढरा डाग पाहूनच घरातल्यांचा धीर सुटतो.

इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरचा माणूस महामार्गाने पुण्याला जाऊन तपासणी करून येतो, तेव्हा पाकिटात फिल्म असते आणि इंग्रजी अहवाल असतो. त्या फिल्मशेजारी त्याच गुडघ्याचे हाताने काढलेले साधे चित्र हवे, नावे मराठीत आणि थेट अवयवावर लिहिलेली. रेडिओलॉजिस्टने काय दाखवायचे ते सांगावे, कसे दाखवायचे ते चित्रकाराने ठरवावे आणि छापण्याआधी ते एखाद्या रुग्णाला वाचायला द्यावे. बारामतीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी आणि कलाशाळेच्या मुलांनी मिळून पहिला संच गुडघ्याचा आणि कमरेच्या मणक्याचा करावा. शेतात वाकून काम करणाऱ्या आपल्या भागाला त्याचीच गरज आधी आहे.