जिका-ताबी : चिखलात पावलाला बिलगणारे पादत्राण

जिका-ताबी हे जपानमधील कष्टकऱ्यांचे पादत्राण. घोट्याच्या वरपर्यंत येणारे सुती कापड, खाली पातळ रबरी तळ आणि अंगठ्यासाठी वेगळा कप्पा, एवढीच त्याची रचना. ‘ताबी’ म्हणजे अंगठा वेगळा असलेला कापडी मोजा आणि ‘जिका’ म्हणजे थेट. वर काही न चढवता थेट जमिनीवर वापरायचा मोजा, असा या नावाचा अर्थ.

जिका-ताबी येण्याआधी शेतकरी, हमाल, खाणकामगार आणि वाटसरू ‘वाराजी’ वापरत. भाताच्या पेंढ्याच्या दोरीपासून विणलेली ही चप्पल घोट्याला बांधली जाई. तिचा बंद अंगठ्याजवळून जात असल्यामुळे आतला मोजाही तिथे दुभंगलेला असे. पेंढा घरचाच असल्याने वाराजी स्वस्त पडे आणि ओल्या दगडावर चांगली पकडही देई. मात्र ती फार लवकर झिजे. कष्टाच्या कामात एक जोड दिवसभरही पुरत नसे, त्यामुळे स्वस्त वस्तूचाच खर्च रोजचा होऊन बसे. खिळ्यापासून किंवा धारदार दगडापासूनही तिचे संरक्षण पुरेसे नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी रबर सहज मिळू लागल्यावर ताबीला रबरी तळ लावण्याचे प्रयोग सुरू झाले. सुरुवातीला हा तळ दोऱ्याने शिवला जाई. पाण्याचिखलात शिवण उसवे आणि तळ सुटे. क्यूशू बेटावरील कुरुमे गावात ताबी बनवणारे शोजिरो इशिबाशी (1889–1976) यांनी शिवणीऐवजी रबराच्याच लगद्याने तळ कापडाला चिकटवण्याची पद्धत वापरली. 1923 मध्ये ही जिका-ताबी बाजारात आली. जवळच्या मिइके कोळसाखाणीतील कामगारांमध्ये आणि शेतकऱ्यांमध्ये तिचा वेगाने प्रसार झाला.

चिखलात तिचा उपयोग होतो तो तिच्या घट्टपणामुळे. सैल गमबूट खोल चिखलात रुततो आणि पाऊल उचलताना मागेच राहतो. जिका-ताबी पोटरीच्या बाजूला धातूच्या चपट्या आकड्यांनी आवळलेली असते. या आकड्यांना ‘कोहाझे’ म्हणतात. त्यामुळे ती पावलाबरोबरच वर येते. भातलावणीसाठी तिचा गुडघ्यापर्यंत येणारा प्रकारही तयार झाला. तळ पातळ असल्याने खालची जमीन पायाला जाणवते, आणि अंगठा मोकळा असल्याने निसरड्या बांधावर किंवा परांचीवर तोल सावरता येतो. साध्या कापडी ताबीत पाणी शिरते, पण ते साचून राहत नाही आणि कापड लवकर वाळते. पातळ तळाला मर्यादाही आहेत. टोकदार वस्तू त्यातून आत घुसू शकते आणि थंडीत पाय गारठतो. म्हणून पुढे बांधकामासाठी बोटांवर पोलादी कवच असलेले आणि ओढ्यातून डोंगर चढणाऱ्यांसाठी नमद्याच्या तळाचे प्रकार निघाले.

अंगठा वेगळा ठेवणारी ताबीची ही रचना धावपटूंनीही वापरली. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शिझो कानाकुरी ताबी घालून मॅरेथॉन धावले. 1951 ची बोस्टन मॅरेथॉन शिगेकी तानाका यांनी जिंकली, तीही अंगठा वेगळा असलेल्या जोड्यांतच. जाड तळाशिवायही पाय लांबचा पल्ला गाठतो, हे यातून दिसले. पुढे आलेल्या ‘मिनिमलिस्ट’ पादत्राणांमागचे तत्त्वही हेच आहे.

जिका-ताबीच्या धंद्यातून इशिबाशी यांना रबराचे तंत्र आणि भांडवल दोन्ही मिळाले. 1931 मध्ये त्यांनी कुरुमे येथेच टायर बनवणारी कंपनी स्थापन केली. ‘इशिबाशी’ म्हणजे दगडी पूल. या आडनावातील दोन शब्दांचा इंग्रजी अर्थ घेऊन आणि त्यांचा क्रम उलटवून कंपनीचे नाव ‘ब्रिजस्टोन’ ठेवण्यात आले. पुण्याजवळ चाकण येथेही आज या कंपनीचा कारखाना आहे. जपानमधील शेतकरी, माळी आणि परांचीवरचे कामगार अजूनही जिका-ताबी वापरतात.