खेळ चालवणाऱ्याने काय काय माहीत ठेवायचं?

‘माझं संशोधन खेळांच्या नियमपुस्तकांवर आहे’ असं सांगितलं की लोक विचारतात, त्यात इतिहास कसला? आज एकच पुस्तक घेऊ, म्हणजे उत्तर सापडेल : १९७९ सालचं ‘डन्जन मास्टर्स गाइड’.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ कधी खेळला नसाल तर थोडक्यात सांगते. एक जण गुहा, राक्षस, गावं उभी करतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन ‘मी दार ढकलतो’ असं बोलतात, आणि पुढे काय होईल याची खात्री नसते तिथे फासे टाकायचे. उभं करणारा तो डन्जन मास्टर. निवेदक तोच, पंच तोच, सगळे शत्रूही तोच.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांत आला. नुसत्या त्या वाचून खेळ चालवणं कठीणच होतं. लढाईसाठी तर १९७१ च्या ‘चेनमेल’ या वेगळ्याच नियमपुस्तकाकडे बोट दाखवलेलं! युद्धखेळ खेळणाऱ्यांना निम्मं आधीच ठाऊक असणार, हे गृहीत होतं. पाककृतीत ‘मीठ चवीप्रमाणे’ लिहितात तसं. मग ज्याने त्याने राहिलेल्या जागा आपल्या मनाने भरल्या. खेळ जागोजागी वेगळा होऊ लागला आणि गायगॅक्सना तो सगळीकडे एकसारखा हवा होता. म्हणून मोठी पुस्तकं निघाली : १९७७ ला राक्षसांचं, १९७८ ला खेळाडूंचं, आणि शेवटी हे.

आत काय आहे बघा. फाशांची संभाव्यता, पात्रांना होणारे रोग, पगारी नोकर, किल्ल्याच्या बांधकामाचा खर्च, रत्नांचे गुण, जादूच्या वस्तूंची लांबलचक यादी, फासे टाकत भुयार आखायचे तक्ते, आणि शेवटी टोल्किन, लव्हक्राफ्ट, लायबर वगैरेंची वाचनयादी. वेळेचा काटेकोर हिशोब ठेवा, असा दटावणीचा सूरही आहे. पण एक नवखा माणूस पहिल्यांदा खेळ चालवायला बसला तर काय करेल, ते खेळातल्या नमुना संवादासकट बरंच पुढे, रोग आणि नोकरचाकर उरकल्यावर येतं. रोग आधी का, हे मला अजून पटलेलं नाही.

माझ्या दृष्टीने खरी गंमत लढाईच्या तक्त्यांत आहे. वार लागला की नाही हे ठरवणारे आकडे खेळाडूंच्या पुस्तकात नाहीतच, फक्त इथे आहेत. म्हणजे तुम्ही फासा टाकायचा, आकडा सांगायचा, आणि मास्टर काय म्हणतो ते ऐकायचं. वर प्रस्तावनेत, हे पुस्तक बाळगणाऱ्या खेळाडूची मास्टरने गय करू नये, असं अर्धवट थट्टेत सुनावलेलंही आहे. म्हणजे ‘मार्गदर्शकात काय असावं’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे : खेळाडूंपासून काय लपवावं?

आणि विसंगती अशी, की सगळीकडे एकच खेळ व्हावा म्हणून लिहिलेलं हे पुस्तक समारोपात मास्टरला सांगतं, नियमांच्या अक्षरापेक्षा खेळाचा आत्मा मोठा. मग एकसारखेपणाचं काय? मला वाटतं, गायगॅक्सना दोन्ही हवं होतं : नियम आपले असावेत, आणि टेबलावर मास्टरचा शब्द अखेरचा असावा.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वार लागण्याचं गणित खेळाडूंच्या पुस्तकात गेलं. जादूच्या वस्तू मात्र मास्टरच्याच पुस्तकात राहिल्या.