अनाथ लाटेचा वृत्तान्त
इ. स. १७०० च्या जानेवारीअखेर जपानच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमीला कंप जाणवला नसताना, समुद्र एकाएकी चढून आला. कुवागासाकी येथे लाटांनी आणि पाठोपाठ लागलेल्या आगीने घरे नष्ट झाली, मियाकोच्या अंमलदारांनी आपद्ग्रस्तांस तांदूळ देवविला, आणि मिहो गावच्या मुख्याने, भूकंपावाचून असे पाणी यावे कसे, हा आपला अचंबा लेखी नमूद करून ठेवला.

त्याचे उत्तर महासागराच्या पैलतीरी, अमेरिकेच्या वॉशिंग्टन किनाऱ्यावर होते. तेथे हुआन द फुका भूपट्ट उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकत असतो; घर्षणाने अडकून शतकानुशतके साचलेला ताण सुटला, की किनारा खचतो आणि समुद्र उसळतो. खाडीकाठी गाडलेली दलदलीची माती व तिच्यावरील वाळूचा थर यांच्या आधारे ब्रायन अ‍ॅटवॉटर यांनी १९८७ मध्ये असे उत्पात प्रतिपादिले. १९९६ मध्ये केंजी साताके प्रभृतींनी जपानी दप्तरांवरून त्यांपैकी १७०० च्या उत्पाताचा, २६ जानेवारीच्या रात्री नऊचा, सुमार निश्चित केला. आणि खाऱ्या पाण्याने मेलेल्या सीडारवृक्षांच्या वलयांनी त्यास पुष्टी दिली.

ज्या प्रदेशास पूर्वी महाभूकंपांपासून निर्भय मानीत, तो आज सुमारे नऊ प्रतीच्या भूकंपाची सिद्धता करतो, याचे श्रेय भूशास्त्रज्ञांइतकेच त्या प्रामाणिक ग्रामलेखकांनाही आहे.