सात वाजताचा भोंगा

मागच्या दिवाळीत आजोळी गेलो होतो, कडेगाव तालुक्यात. संध्याकाळी पाराकडे चक्कर मारली. पार जागच्या जागी, वर छान फरशीसुद्धा बसवलेली. फक्त बसायला कुणी नाही! आजोबांच्या वेळी जेवणं उरकली की इथे भजन, पेपरवाचन आणि भांडणंसुद्धा व्हायची. घरी परत आलो तर मामा टीव्हीसमोर, पोरं मोबाईलवर. आणि मी? मी ऑफिसचा मेल बघत बसलो..

शाळेत प्रतिसरकार म्हणजे पत्री मारणं आणि रेल्वे लुटणं, एवढंच डोक्यात बसलं होतं. खरं तर १९४३ ते ४६ मध्ये नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सातारा जिल्ह्यात गावोगावी लोकन्यायालयं चालवली. जमिनीचे वाद इंग्रजांच्या कोर्टात न जाता गावातच मिटवले, हुंड्याविना साधी 'गांधी लग्नं' लावली. (आजच्या सांगलीचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.) चळवळीचं मोठं केंद्र असलेलं कुंडल मात्र औंध संस्थानातलं. तिथे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच राज्यघटना देऊन कारभार गावपंचायतींकडे सोपवला होता.

आता विचार करा, भूमिगतांना गावं वर्षानुवर्षं सांभाळतात आणि कुणी सहसा तोंड उघडत नाही, हे नुसत्या भाषणांनी होतं का? रोज एकत्र बसणाऱ्या माणसांचाच एकमेकांवर एवढा भरवसा असतो.

अर्थात जुन्या पाराचे गोडवे जपूनच गावेत. तिथे बायका बसत नव्हत्या, आणि दलितांना तर कित्येक गावांत पाराजवळ फिरकूही देत नसत.

म्हणूनच मला कडेगाव तालुक्यातल्याच मोहित्यांचे वडगावची गोष्ट आवडते. लॉकडाऊनमधल्या ऑनलाईन शाळेनंतर पोरांच्या हातचा मोबाईल सुटेना. तेव्हा १४ ऑगस्ट २०२२ ला बायकांची सभा झाली आणि ठरलं, देवळावर भोंगा लावायचा. संध्याकाळी सातला तो वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा गप्पा मारायच्या. काही पुरुषांनी आधी चेष्टा केली म्हणे. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन सांगू लागले.

वडगावने नवा पार बांधला नाही, फक्त सगळ्यांची एक वेळ ठरवली. आपली जागा गेली असं आपण म्हणतो, पण आपल्याही सोसायटीत क्लबहाऊस आहेच की. नाहीये ती सगळ्यांची मिळून एक वेळ. ती मात्र आपणच आपापल्या खिशात घालून बसलोय.

असो. येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता मी आमच्या क्लबहाऊसमध्ये चहा ठेवतोय. शेजारच्या काकांना आज सांगून आलो. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांची बेल वाजवली!