५२ पिकाचा मीटर

आमच्या मागांच्या शेडमध्ये घड्याळ होतं, पण पगाराचा त्याच्याशी संबंध नव्हता. पाळी संपली की विणकर कापडावर निळ्या खडूची रेघ मारायचा. रेघेपर्यंतचं कापड त्याचं, पुढचं दुसऱ्या पाळीचं. शाळेतून आलो की रेघा शोधून मीटर मोजायचे आणि वहीत मांडायचे, हे काम माझं. आठ मागांवर हिशेबाला मेहता ठेवणं परवडणारं नव्हतं.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी सुरू केला. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचा त्यांना पाठिंबा होता. पुढे गल्लोगल्ली माग खडखडू लागले आणि 'खर्चीवाला' ही जात तयार झाली. आम्ही त्यातलेच. सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे. विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. त्या मजुरीला म्हणायचं खर्ची. नफा हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडी आला नाही, ते उगाच नाही.

विणकराच्या मजुरीचं माप म्हणजे ५२ पिकाचा मीटर. पीक म्हणजे एका इंचातले आडवे धागे. मीटरभर कापडात असे २,०४७ धागे. मिनिटाला दीडशेच्या गतीने माग न थांबता चालला, तर मीटर सुमारे पावणेचौदा मिनिटांत उतरतो. म्हणजे वेळ मोजला जात होताच, फक्त विणून झाल्यावर. धागा तुटला, कांडी संपली, बीम यायला उशीर झाला, तो वेळ कुणाच्याच खात्यावर नाही.

व्यापारी कापडावर भिंग ठेवून पीक मोजायचा. कमी भरले की खर्चीत कपात. पीक ठरतात ते मागाच्या चाकावर, विणकराच्या हातावर नव्हे, हे वडिलांना पक्कं ठाऊक होतं. तरी चिडून घरी आले की पहिलं बोलणं विणकरालाच बसायचं.

२०१३ मध्ये गावातले यंत्रमाग कामगार कित्येक आठवडे संपावर होते. तडजोडीत दरवर्षी महागाईप्रमाणे मजुरीवाढ ठरली. दर तरी आजही ५२ पिकालाच बोलला जातो, मग मागावर कापड कुठलंही असो.

मीटर मांडायच्या त्या वह्यांतली एक माझ्याकडे उरलीय. एका आठवड्यात दोन दिवसांपुढे वडिलांच्या अक्षरात 'लाईट नाही' एवढंच आहे. विणकराच्या मजुरीचा रकाना कोरा, आणि शेजारचा आमच्या खर्चीचाही.