सिंहगडावरची आग : एका बिटचा निरोप

पावसाळ्यात सिंहगडावर जाऊन कांदाभजी आणि पिठलं-भाकरी हाणणारे आपल्यापैकी बरेच जण असतील. तानाजीची गोष्ट तर शाळेपासून पाठ. पण त्या गोष्टीतल्या एका तांत्रिक मुद्द्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. गड घेतला ही बातमी राजगडावर महाराजांना कळली कशी? दिवसभर नेटवर्कशी झटापट करणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच!

नेहमीचं उत्तर असं: मावळ्यांनी गवताची गंज पेटवली आणि महाराजांनी राजगडावरून जाळ पाहिला. हे इतकं फिल्मी वाटतं की यशवंती घोरपडीसारखंच हेही नंतर कोणीतरी घुसडलं असणार, अशी शंका येते. तर जुनं लिखाण काय म्हणतं ते बघू.

लढाई झाली फेब्रुवारी १६७० मध्ये, माघ वद्य नवमीला. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली १६९७ मध्ये, जिंजीला, राजाराम महाराजांसाठी. म्हणजे मध्ये २७ वर्षं गेली. आँखों देखा हाल नव्हे, पण सभासद खुद्द शिवाजी महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस. त्याच्या बखरीत घोरपड नाही. चढण्यात पटाईत असे दोन मावळे वानरासारखे कडा चढून गेले आणि मग बाकीचे वर आले, एवढंच आहे. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात.

आग मात्र सभासदाकडे आहे! फक्त गंज नाही, तर गडावरच्या पागेचे खण पेटवले, असं तो सांगतो. मला हे जास्त पटतं. रात्री कडा चढणारा माणूस ढाल-तलवार सांभाळेल की सिग्नलचं सामान वाहील? गडावर जे जळण्यासारखं होतं तेच पेटवलं.

आता दिसेल का, हा प्रश्न. सिंहगड ते राजगड हवाई अंतर साधारण १५ किलोमीटर. दोन्ही गड समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास, आणि हवा स्वच्छ असली की एकावरून दुसरा दिसतो. माघातलं आकाश निरभ्र, वद्य नवमीचा चंद्र उगवतो मध्यरात्रीच्या सुमारास, आणि तोही अर्धाच. अशा रात्री पेटलेली पागा न दिसली तरच नवल.

म्हणजे आगीची गोष्ट टिकते. पण खरी गंमत पुढे आहे. आग हा एका बिटचा निरोप. जाळ दिसला तर फत्ते. नाही दिसला तर? हरले, की अजून लढताहेत, की चढलेच नाहीत, काहीच कळणार नाही. आणि फत्ते झाली तरी कोण जगलं, कोण पडलं, हे त्या बिटमध्ये मावत नाही.

सभासदाच्या बखरीत नेमकं हेच घडतं. उजेड पाहून महाराज म्हणतात की गड घेतला. तानाजी पडल्याची बातमी येते दुसऱ्या दिवशी, जासुदाबरोबर. तेव्हाचे महाराजांचे उद्गार सभासद देतो, पण त्यात 'सिंह' नाही. एक गड मिळाला आणि एक गड गेला, असा त्यांचा आशय आहे. 'गड आला पण सिंह गेला' हे रूप नंतर रूढ झालं, आणि हरिभाऊ आपट्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीने ते घराघरांत नेलं. शिवाय 'सिंहगड' हे नाव त्या लढाईच्या आधीचं. १६६३ च्या पत्रात ते सापडतं.

आपल्या ऐकीव गोष्टीत विजय आणि दुःख एकाच दमात येतात. बखरीत मात्र मध्ये काही तास आहेत. त्या तासांत राजगडावर आनंद होता, आणि तानाजी तेव्हा गेलेला होता. घोरपड गेल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, पण हे मधले तास गोष्टीतून गळायला नको होते. पुढच्या ट्रेकला सिंहगडावरून राजगड दिसला, तर मी सोबत्यांना घोरपडीआधी हेच सांगणार आहे.