रणगाड्याचें छप्पर

ता. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समधील सोमच्या रणक्षेत्रावर इंग्रजांचे रणगाडे प्रथम अवतरले. त्यांपैकीं कित्येकांच्या माथ्यावर तारेच्या जाळीचें उतरतें छप्पर होतें. वर पडलेला हातगोळा घरंगळून जावा, एवढाच त्याचा हेतु. पुढील शतकांत पोलादाची जाडी मुख्यतः समोरच्या बाजूस वाढली. माथा पातळच राहिला.

२०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि त्या युद्धांत हें वैगुण्य उघडें पडलें. चार-पांचशें डॉलरांत तयार होणारें, स्फोटक वाहणारें चिमुकलें ड्रोन लक्षावधि डॉलरांच्या रणगाड्याच्या माथ्यावर आदळूं लागलें. फुटायचें तें बाहेरच फुटावें म्हणून जाळीचें छप्पर पुनः आलें. २०२४ सालीं रशियन सैनिकांनीं पत्र्यांनीं चहूंकडून मढविलेले, कासवासारखे रणगाडे आणले. परंतु त्यांची तोफ पुरती फिरेना व आंतील माणसांस बाहेरचें नीट दिसेना. बिनतारी संदेश अडविणारीं यंत्रें बसविलीं, तों काचतंतूवरून संदेश घेणारीं ड्रोन निघालीं; त्यांच्यापुढें तीं यंत्रें निरुपयोगी ठरलीं.

जाळीची किंमत अल्प आहे. पण पोलादी पेटींत बसलेल्या तिघांचौघांचे प्राण पुष्कळदां तिच्यावरच अवलंबून असतात.